रॉकेट उलटतंय? आधी बूस्टर लावणं थांबवा!

दिवाळीतल्या रॉकेटला ती लांब काडी कशासाठी असते? बाटलीत उभं करता यावं म्हणून, असं तुमचं उत्तर असेल तर काडी तुटलेलं रॉकेट कसं उडतं ते आठवा. वाकडंतिकडं, कधी समोरच्याच्या गॅलरीत, कधी थेट आपल्या अंगावर! काडीचं खरं काम असतं रॉकेटचं तोंड पुढे ठेवणं. 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा गेम खेळणाऱ्याला हा धडा पहिल्या काही दिवसांतच मिळतो, तोही मोठ्ठा स्फोट होऊन.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेक्सिकोतल्या 'स्क्वाड' कंपनीने तो २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला आणि २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. टाक्या, इंजिनं, पंख जोडून रॉकेट तुम्हीच बांधायचं आणि कर्बिन नावाच्या छोट्या ग्रहावरून अवकाशात धाडायचं. तिथलं वातावरण ७० किलोमीटरवर संपतं. पण नवख्याचं रॉकेट तिथवर पोचतच नाही. थोडं वर जातं, डुलायला लागतं, कोलांटी घेतं आणि तोंड खाली करून परत येतं.

यावर आपण काय करतो? आणखी दोन बूस्टर लावतो! 'मोअर बूस्टर्स' हा या गेमच्या खेळाडूंमधला जुना विनोद आहे. पण वेग वाढला की हवेचा जोरही वाढतो, आणि रॉकेट आधीपेक्षा लवकर उलटतं. कारण अडचण ताकदीची नसतेच मुळी.

बॅडमिंटनचं शटल घ्या. कसंही मारा, बूच पुढे आणि पिसं मागे. वजन पुढे असतं आणि हवा मागच्या पिसांना धरते, म्हणून ते आपोआप सरळ होतं. रॉकेटचंही तसंच. गुरुत्वमध्य वर हवा आणि हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू खाली. गेममध्ये बटण दाबलं की पिवळा गोळा गुरुत्वमध्य दाखवतो आणि निळा गोळा पंखांचा जोर. निळा पिवळ्याच्या खाली हवा. म्हणून पंख तळाशी लावायचे. टोकाजवळ छान दिसतात म्हणून तिथे लावले की संपलंच. आणि हो, निळ्या गोळ्यावरही डोळे मिटून विश्वास नको. टोकाला फुगीर सामान बसवलं तर त्याला होणारा हवेचा अडथळा तो दाखवत नाही. शिवाय इंधन जळतं तसं वजन सरकतं. वरची टाकी आधी रिकामी झाली तर जमिनीवर स्थिर असलेलं रॉकेट दहा किलोमीटरवर डोकं फिरल्यासारखं वागतं.

यातलं कितीतरी आपल्या अंदाजाच्या उलट आहे, आणि माझ्या मते गेमची खरी किंमत इथेच आहे. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतल्या ऑबर्नमध्ये द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं. त्याचं इंजिन वर होतं आणि टाक्या खाली. ओळंब्यासारख्या टाक्या खाली लटकल्या की रॉकेट सरळ राहील, असं कुणालाही वाटेल. पण रॉकेट कललं की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, ओळंब्यासारखं परत ओढणारं काहीच नसतं. ते उड्डाण अडीच सेकंदांचं होतं आणि उंची ४१ फूट. पुढे गोडार्ड यांनीच इंजिन खाली नेलं. उडवून पाहिल्याशिवाय नुसत्या अंदाजाने इथवर पोचता येत नाही.

म्हणून माझा खरा आक्षेप आहे तो तयार डिझाइनवर. इतरांनी बांधलेलं रॉकेट डाउनलोड करायचं, व्हिडिओ पाहून पार्ट-टू-पार्ट तसंच उभं करायचं. कक्षेत पोचतं, स्क्रीनशॉट मिळतो. मग वर वेगळा उपग्रह बसवला की तेच रॉकेट कोलांटी घेतं आणि आपल्याला का ते सांगता येत नाही. ओळखीचं वाटतंय ना? सिनिअरचं जर्नल, तयार प्रोजेक्ट, व्हायवात 'हे असंच का?' या प्रश्नावर शांतता.

हे फक्त कॉलेजात होतं असंही नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यातल्या सॉफ्टवेअरचा एक भाग एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. नव्या रॉकेटचा मार्ग वेगळा, वेग जास्त, आकडा ठरलेल्या मर्यादेत मावला नाही. संगणकाला चुकीची माहिती गेली, इंजिनांचे नॉझल वळले, रॉकेट आडवं झालं आणि हवेने त्याचे तुकडे केले. जुन्या रॉकेटवर तो कोड नीट चालला होता. नव्यावर चालेल का, हे पुरेसं तपासलं गेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, गेम खेळून कुणी रॉकेट इंजिनिअर होत नाही. अगदी बरोबर! गणित, धातू, कंपनं यांतलं बरंचसं गेम वगळतो. पण एक गोष्ट तो देतो जी आपल्या लॅबमध्ये क्वचित मिळते. प्रयोग फसला तरी मार्क जात नाहीत. 'रीडिंग' जुळवून लिहायची गरज नसते, कारण रॉकेट तुमची वही वाचत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रॉकेट उलटलं तर लगेच व्हिडिओ शोधू नका. किती उंचीवर उलटलं, तेव्हा कोणती टाकी रिकामी होती, तुम्ही एकदम वळवलं का, हे लिहून ठेवा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा उडवा. दोन बदल एकदम केलेत तर कशाने जमलं ते कळणार नाही. दहा रॉकेट्स पडतील. पण अकरावं का उडालं, हे तुम्हाला कुणालाही न विचारता सांगता येईल.