नाव कोंडा, खाणं तेल

रिसेप्शनच्या स्टेजवर हे दृश्य हमखास दिसतं. नवरदेव नेव्ही ब्लू सूट घालून उभा राहतो, फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावतो आणि तेवढ्यात करवली धावत येऊन दादाचे खांदे झटकते. पांढरी भुकटी उडते. फोटोग्राफर सराईत असतो, तो क्षणभर दुसरीकडे बघतो. पहिल्या रांगेतल्या आत्याबाई मात्र निदान करून मोकळ्या होतात, ‘‘डोकं कोरडं पडलंय. तेल म्हणून लावत नाहीत हल्लीची मुलं.’’

आत्याबाई चुकतात, पण त्यांना चकवतो तो शब्द. भात सडल्यावर, गव्हाचं पीठ चाळल्यावर उरतो तो कोंडा. हलका, कोरडा, फुंकर मारली की उडणारा. तसं दिसणारं डोक्यातलं काही असेल तर ते कोरडेपणातूनच आलं असणार आणि कोरडेपणावर उतारा तेलाचा, असं हे घरोघरचं तर्कशास्त्र. प्रत्यक्षात डोक्यातला कोंडा जन्माला येतो तेलकट जागी.

1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं डोक्याच्या खपल्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या पेशी पाहिल्या. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं : मालासेझिया. ही बुरशी जवळपास प्रत्येक माणसाच्या अंगावर असते, अगदी टापटीप राहणाऱ्याच्याही. तिची खोड एकच, तिला तेल लागतं. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर अन्नद्रव्याच्या थरावर ऑलिव्ह तेल ओततात. नेहमीच्या थरावर तेलाशिवाय वाढू शकणारी तिची एक जात आहे, ती 1925 मध्ये अमेरिकेत वाइडमन यांना सापडली. कुठे? एका भारतीय गेंड्याच्या सोलपटलेल्या कातडीवर.

माणसाच्या डोक्यावर मुख्यतः ग्लोबोझा आणि रेस्ट्रिक्टा या जाती नांदतात. 2007 मध्ये ग्लोबोझाचा सगळा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा या भुकेचं मूळ कळलं. स्निग्धाम्लं स्वतः तयार करण्याची यंत्रणाच तिच्याकडे नाही. ती आयतं जेवते. हे संशोधन कोंड्याचा शाम्पू विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या शास्त्रज्ञांचं, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण निष्कर्ष पक्का आहे.

केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून त्वचेचं तेल पाझरतं. बुरशी ते फोडते, तिला हवं ते खाते आणि ओलेइक आम्लासारखा उष्टा भाग मागे टाकते. काहींच्या त्वचेला हे उष्टं सोसत नाही. ती खाजते, किंचित सुजते आणि घाईघाईनं नवी कात तयार करू लागते. एरवी त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात वर येऊन एकेकट्या, कुणाच्या नकळत गळून पडतात. घाई झाली की त्या अर्ध्याकच्च्या, एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं सुटतात. करवलीनं झटकले ते हे गठ्ठे.

एवढं कळलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात. कोंडा वयात येताना का सुरू होतो? तेलग्रंथी तेव्हा जाग्या होतात म्हणून. भुवयांत, नाकाच्या कडांना, कानामागे, छातीवर लालसर खपल्या का धरतात? तिथंही तेल जास्त म्हणून. ही कोंड्याचीच थोरली बहीण, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. नवऱ्याचा कंगवा वापरल्यानं कोंडा लागतो का? नाही, बुरशी दोघांच्याही डोक्यात आधीपासूनच आहे.

आता तेलाचं काय करायचं? तान्ह्या बाळाची टाळू भरण्याच्या देशात हा प्रश्न नाजूक आहे. बाळाच्या डोक्यावर पिवळट, मेणचट खपल्या धरतात, त्या तेलानं मऊ पडतात हे आजीचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त तेल ‘जिरवत’ ठेवू नये. खपल्या भिजल्या की सौम्य शाम्पूनं धुवून मऊ ब्रशनं काढाव्यात. नखांनी उचकटू नयेत. बहुतेक बाळांचं काही महिन्यांत आपसूक बरं होतं.

मोठ्यांसाठी मात्र रात्रभर तेल थापून सकाळी डोकं न धुता ऑफिस गाठणं म्हणजे बुरशीला पंगत वाढणंच. यात खोबरेल तेलावर अन्याय होऊ नये. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की खोबरेल तेल केसांतून होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. (शाम्पूवाल्यांनी बुरशी तपासली, तेलवाल्यांनी केस. ज्याचा त्याचा धंदा.) तेव्हा तेल लावायचंच तर केसांच्या लांबीला लावावं, कोंडा असताना मुळांना नको. लिंबू चोळण्याचा उपाय तर सोडूनच द्यावा. खाजवून सोललेल्या त्वचेवर आम्ल झोंबतं आणि लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

औषधं साधी आहेत, मेडिकलच्या दुकानात मिळतात. केटोकोनॅझोल 2 टक्के, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन हे शाम्पू बुरशी आटोक्यात आणतात. सॅलिसिलिक आम्ल जाड खपल्या सैल करतं. झिंक पायरिथिऑनवर युरोपीय संघानं मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. भारतात ते अजून शाम्पूंमध्ये असतं.

‘‘सगळे शाम्पू करून झाले, फरक नाही,’’ ही तक्रार नेहमीची. बहुतेकदा ती वेळेची असते, शाम्पूची नव्हे. फेस आला की लगेच तांब्या ओतायचा, ही सवय. औषध मुळांशी, म्हणजे त्वचेवर, 3 ते 5 मिनिटं राहायला हवं. घड्याळ नको. शाम्पू चोळावा आणि मगच बादलीचा नळ सोडावा. बादली काठोकाठ भरेपर्यंत डोक्याला पाणी लावू नये. केटोकोनॅझोल असेल तर आठवड्यातून दोनदा, असे 2 ते 4 आठवडे. मग थांबायचं नाही, आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालूच. बुरशी कायमची हाकलता येत नाही, म्हणून ‘मुळापासून नाहीसा’ करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीचे पैसे वाचवावेत.

प्रत्येक पांढरी खपली मात्र कोंडा नसते. चंदेरी, जाड, कपाळाच्या केशरेषेबाहेर उतरणारे आणि कोपर-गुडघ्यावरही दिसणारे थर सोरायसिसचे असू शकतात. केसाला घट्ट चिकटलेला, ओढून न सरकणारा कण ही लीख. कलप लावल्यावर दोन दिवसांत डोकं पेटलं तर ती ॲलर्जी. आणि लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील, तर ते गजकर्ण. त्याला आठवडेच्या आठवडे पोटातून औषध लागतं, शाम्पूनं भागत नाही. शेजाऱ्यानं दिलेली स्टेरॉइडची ट्यूब त्यावर चोळली तर चट्टा काही दिवस फिका पडतो आणि खाली बुरशी पसरत राहते. मोठ्यांतही खपल्या एकाएकी फार वाढल्या, चेहऱ्यावर उतरल्या, औषधाला दाद देईनात, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. एचआयव्ही किंवा पार्किन्सन्समध्येही हे जास्त दिसतं.

राहता राहिला नवरदेव. थंडीत कोंडा उचल खातो आणि शाम्पूला गुण यायला महिना लागतो. तेव्हा डिसेंबरचा मुहूर्त असेल, तर सूट शिवायला टाकण्याच्या दिवशीच, नोव्हेंबर उजाडताच, बाटली घरी आणावी.