काचेवरची शिल्लक



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मला एक प्रश्न हमखास येतो. "काकू, कितीही पुसलं तरी काचेवर ओघळ राहतातच. तुम्ही कोणतं लिक्विड वापरता?" माझं उत्तर ऐकून पुष्कळजणींची निराशा होते. लिक्विड बदलून फार काही होत नाही. आपण काचेवर घालतो जास्त आणि काढतो कमी, दुखणं तिथे आहे.

बी.कॉम.च्या हिशोबात सांगायचं तर, जमेतून खर्च वजा केला की उरते ती शिल्लक. धूळ, साबण, पाण्यातले क्षार, फडक्याचे धागे ही सगळी जमा. जे आपण ओढून काढलं तो खर्च. मागे राहिलेली शिल्लक उन्हात चमकते, तिलाच आपण ओघळ म्हणतो. मग उपाय उघड आहे, जमाच कमी करायची.

पहिली जमा धुळीची. कोरड्या काचेवर थेट पाणी मारलं की धुळीचा चिखल होतो. आधी मऊ ब्रशने काच, चौकट आणि सरकत्या खिडकीची खाच कोरडीच झाडून घ्या. दुसरी जमा साबणाची. एक लिटर पाण्याला भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरे. फेस आला म्हणजे जास्त झालं असं समजा. तिसरी जमा पाण्याचीच. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. पाणी वाचवायचं म्हणून काहीजणी आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी खिडक्यांना वापरतात. हेतू चांगला, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशीला वापरा. काचेला एसीच्या नळीतून पडणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त गाळून घ्या, आणि गाळणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता खर्चाची बाजू. रबराच्या वायपरने वरून खाली ओढायचं आणि दर ओढीनंतर रबर कोरड्या फडक्याला पुसायचं. हे न केल्यामुळेच निम्मे ओघळ पडतात. कडांना राहिलेलं पाणी जुन्या, खूप धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपा. मायक्रोफायबरचं फडकं असेल तर ते धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचा थर फडक्यावरून काचेवर येतो. ऊन असलेली काच पुसायला घेऊ नका, आपला हात फिरायच्या आधीच पाणी वाळतं. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर. आणखी एक युक्ती आहे. शेवटचं कोरडं फडकं आतून आडवं आणि बाहेरून उभं फिरवा. ओघळ राहिलाच तर कोणत्या बाजूचा ते लगेच कळतं.

पांढरे जुने डाग असतील तर एक ग्लास पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवून त्याचं ओलं फडकं दहा मिनिटं डागावर धरा. ज्यांच्याकडे व्हिनेगर चालतं त्यांनी ते वापरावं. मात्र खाली संगमरवर, कोटा किंवा कडप्पा असेल तर एक थेंबही सांडू देऊ नका, आम्लाने हे दगड खातात. वर्षानुवर्षं क्षार बसून काचच खडबडीत झाली असेल तर तो डाग आता जाणार नाही. त्याच्यामागे लागू नका.

इथपर्यंत बहुतेकजणी मान डोलावतील. पुढचं मत काहींना बोचेल, तरी लिहिते.

दिवाळीची ही साफसफाई चातुर्मासात येते. त्या दिवसांत खिडकीच्या कोपऱ्यात कोळी असतो, पतंग असतो, खाचेत मुंग्या असतात. म्हणून आपल्या घरांत आधी नीट पाहून, जीवजंतू अलगद बाजूला करून मगच पाणी लावतात. फार चांगली गोष्ट आहे. पण त्याच घरातून कामाच्या बाईला सांगितलं जातं, "मावशी, जरा बाहेरून पण पुसा हं." आणि ती मावशी चौथ्या मजल्यावर पदर खोचून बाहेरच्या छज्जावर उतरते. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात ओलं फडकं, पायाखाली साबणाचं पाणी. कोळ्याला जपणाऱ्या आपल्याला हे दिसत कसं नाही? खिडकी पुसताना तोल जाऊन बाई दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत.

"ती स्वतःहूनच उतरते, आम्ही सांगत नाही," हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. ती उतरते, कारण मागच्या घरी ओघळावरून बोलणी खाल्लेली असतात. नाही म्हटलं तर दिवाळीच्या बोनसवर परिणाम होईल अशी भीती असते. म्हणून "उतरू नका" हे आपण तोंडाने, स्पष्ट सांगायला हवं. गप्प राहणं म्हणजे परवानगीच. मन-वचन-काया हे आपण रोज म्हणतो, अनुमोदनाचा दोष काय असतो तेही आपल्याला ठाऊक आहे.

बाहेरची बाजू करायचीच असेल तर दोन्ही पाय घरातल्या फरशीवर ठेवून करा. पल्ले एका बाजूला सरकवून हात पोचेल तेवढं पुसा. पुढे लांब दांडीचा, मान वळलेला वायपर घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारं चुंबकाचं यंत्र घेतलंत तर ते आपल्या काचेच्या जाडीचं आहे ना पाहा आणि त्याची दोरी आत पक्की बांधा, नाहीतर ते खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडायचं. सोसायटीने दोर आणि पट्टे बांधून काम करणारी माणसं वर्षातून एकदा बोलावली तर प्रत्येक घराच्या वाट्याला येणारा खर्च फार नसतो.

एवढं करूनही वरचा एखादा कोपरा राहील. निर्वाण लाडू चढवायला पहाटे मंदिरात निघताना तो ओघळ दिसला तर दिसू दे. पाहुणे फराळाला येतात, काच तपासायला नाही.