विश्लेषण : गेम अडखळतो, दोष लॅपटॉपचा की सेटिंगचा?

नवा गेम लॅपटॉपवर अडखळू लागला, की घरात पहिली मागणी होते ती नव्या ग्राफिक्स कार्डाची किंवा थेट नव्या लॅपटॉपची. हा खर्च हजारो रुपयांचा असतो. गेमच्या सेटिंगमधील चार-पाच पर्याय बदलून अनेकदा तो टाळता येतो.

अडखळणे म्हणजे नेमके काय?

पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे, अर्थात फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. ३० फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या चित्राला जास्त वेळ लागला की झटका जाणवतो. त्यामुळे सतत वरखाली होणाऱ्या वेगापेक्षा थोडा कमी, पण स्थिर वेग डोळ्यांना बरा वाटतो.

आधी काय कमी करावे?

सुरुवात सावल्या, प्रतिबिंबे, धुके आणि रे ट्रेसिंगपासून करावी. यांचा भार मोठा असतो आणि खेळाच्या धावपळीत त्यांतला फरक फारसा दिसत नाही. टेक्श्चरचे गणित वेगळे आहे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरेशी असेल तर ते उंच ठेवूनही वेग फारसा घटत नाही. मेमरी अपुरी पडली तर मात्र झटके बसतात. रिझोल्यूशनचा परिणाम सर्वांत थेट असतो. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, तर १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख, निम्म्याहूनही कमी. लहान आकाराचे चित्र मोठे करून दाखवणारे एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर हे मधले मार्ग आहेत. एफएसआरच्या आधीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

एका वेळी एकच पर्याय बदलावा आणि फ्रेमचा आकडा पाहत तोच प्रसंग पुन्हा खेळावा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. नुसत्या बॅटरीवर त्याचा वेग बहुधा कमी होतो.

नवे कार्ड घेण्याआधी कोणती चाचणी?

रिझोल्यूशन बरेच उतरवूनही वेग वाढला नाही, तर अडचण बहुधा ग्राफिक्स कार्डात नसून प्रोसेसरमध्ये असते. अशा वेळी गर्दी आणि दूरवरच्या दृश्याचे पर्याय कमी करावेत. ही चाचणी न करता महागडे कार्ड घेतले तर पैसे जातात आणि गेम अडखळतच राहतो.

जबाबदारी फक्त खेळणाऱ्याची?

नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका खराब चालला, की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो प्रश्न सेटिंग बदलून सुटणारा नव्हता. ‘स्टीम’वर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. सेटिंगची तपासणी या मुदतीतच उरकणे शहाणपणाचे.

‘लो’ म्हणजे हलके आणि ‘अल्ट्रा’ म्हणजे खरे, हा समज या नावांनीच रुजवला आहे. कोणता पर्याय यंत्रावर किती भार टाकतो, हे कंपन्यांनी त्या पर्यायाशेजारीच सांगायला हवे. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’मध्ये किती व्हिडीओ मेमरी लागेल याची पट्टी सेटिंगमध्येच दिसते. तेव्हा जे जमले, ते आज प्रत्येक गेममध्ये जमायला हरकत नाही. ते होईपर्यंत दुकानाची पायरी चढण्याआधी सेटिंगचे पान उघडावे. त्याला पैसे पडत नाहीत.