उत्तराची वाट

आमच्या नातवानें डिसेंबरांत अमेरिकेंतील विद्यापीठांकडे पीएच. डी.साठीं अर्ज धाडले. तेव्हांपासून त्याच्या आजीनें देव पाण्यांत घातले आहेत! मार्चांत दोन ठिकाणांहून शिष्यवृत्तीसह होकार आले. परंतु जेथें जीव गुंतला, तें तिसरें विद्यापीठ मुकेंच. "हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नको," असें घरांतील मंडळी म्हणूं लागली.

वास्तविक एवढ्या घाईचें कारण नाहीं. तिकडील अनेक विद्यापीठांनीं मान्य केलेल्या ठरावान्वयें, शिष्यवृत्तीसह बोलावणें आलेल्या विद्यार्थ्यास १५ एप्रिलपूर्वीं उत्तर देण्याची सक्ती नसते. मात्र दोन्ही होकार मुठींत धरून बसणें मला रुचेना. त्यांतील एक त्याला नकोच होता. सोडलेली जागा प्रतीक्षायादींतील दुसऱ्या कोणास मिळूं शकते. त्याच्याहि घरीं आजी असेलच, असें मीं म्हटलें. स्वारी रात्रभर कुरकुरली. सकाळीं मात्र नकाराचें पत्र लिहून माझ्यापुढें ठेवलें. इंग्रजी बरें होतें. एक स्वल्पविराम तेवढा मीं काढला.

तिसरें विद्यापीठ अद्याप गप्पच आहे. देवहि पाण्यांतच आहेत.