विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करून घेणे शहाणपणाचे आहे का?

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी हौसेने घ्यावी, वर्षभरात गिअरबॉक्स बिघडावा आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून डोळे पांढरे व्हावेत! अशा वेळी एक सल्ला मिळतो : ‘भंगारातून मॅन्युअल गिअरबॉक्स आणून बसवून टाकू.’ सल्ला स्वस्त वाटतो, पण तो महागात पडण्याची शक्यताच अधिक.

काय काय बदलावे लागते?

नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाला पातळ फ्लेक्सप्लेट असते. तिच्या जागी जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग लागते. शिवाय क्लचचे पेडल, त्याची केबल किंवा हायड्रॉलिक यंत्रणा, गिअर लिव्हर, माउंटिंग आणि अनेकदा ड्राइव्ह शाफ्टही. त्याच मॉडेलची मॅन्युअल आवृत्ती असेल तर हे भाग मिळतात; नसेल तर कापाकापी आणि वेल्डिंग आलेच.

एएमटीचे काय?

एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअरचे काम ॲक्च्युएटर करतो, इतकेच. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून ही यंत्रणा भारतात आली. असा बदल तुलनेने सोपा, पण म्हणूनच अनावश्यक. बिघाड अनेकदा ॲक्च्युएटर, सेन्सर किंवा क्लचपुरता असतो. तेवढाच भाग दुरुस्त करावा.

खरी अडचण कुठे?

संगणकात. इंजिनाचा ईसीयू आणि गिअरबॉक्सचा टीसीयू यांच्यात सतत संदेशांची देवाणघेवाण सुरू असते. टीसीयू काढला की इंजिन लिम्प मोडमध्ये जाऊ शकते. लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर असल्याचा संकेत मिळाल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तारा जोडून हा संकेत फसवला, तर गिअरमध्ये असलेली गाडीही चावी फिरवताच पुढे उडी घेऊ शकते. समोर कोणी उभे असेल तर?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हे बजावले. सीएनजी किटसाठी कायद्याने रीतसर वाट ठेवली आहे. गॅरेजमधल्या जुगाडासाठी नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतो, ते वेगळेच.

मग उपाय कोणता?

आधी दुसऱ्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. अनेकदा दोष ऑइल, सोलेनॉइड किंवा वायरिंगमध्ये सापडतो. रीकंडिशन केलेल्या गिअरबॉक्सची चौकशी करावी. तेही परवडत नसेल, तर दोष सांगून गाडी विकणे अधिक प्रामाणिक.

मात्र सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारून चालणार नाही. छोटा भाग खराब झाला तरी पूर्ण युनिट बदलायला सांगितले जाते, म्हणूनच लोक जुगाडाकडे वळतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलने गाडी दुरुस्त होत नाही. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना वाजवी दरात देण्याचे बंधन कंपन्यांवर हवे. दुरुस्ती परवडली, तर गिअरबॉक्स बदलण्याची कल्पना कोणाच्या डोक्यातही येणार नाही.