‘बोलेल हळूहळू’ म्हणताना निसटणारी वर्षे

‘याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. बोलेल हळूहळू!’ घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे हे वाक्य मराठी कुटुंबांना नवे नाही. त्यामागे माया असते, अनुभव असतो आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्या वेळी ते खरे ठरत नाही, त्या वेळी मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे हातची गेलेली असतात.

ही वर्षे मोलाची का? कारण मेंदूची जडणघडण या काळात जेवढ्या वेगाने होते, तेवढी पुढे कधीच होत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा दंडक जगभर मानला जातो, तो याचसाठी. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांनंतरही एकही शब्द उच्चारत नसेल, दीड वर्षांनंतरही चालत नसेल किंवा आलेली भाषा गमावू लागले असेल, तर ती वाट पाहण्याची नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याची वेळ असते.

काही मुलांची अडचण याहून सूक्ष्म असते. मिक्सरच्या आवाजाने ती कान झाकून घेतात, नखे कापू देत नाहीत, सदऱ्याची आतली पट्टी टोचते म्हणून आकांत करतात. काही सारखी धडपडतात. घर त्यांना ‘हट्टी’ आणि ‘वेंधळी’ ठरवून मोकळे होते. ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ मध्ये पुस्तक लिहून या वर्तनाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पाच ज्ञानेंद्रियांखेरीज तोल आणि स्वतःच्या अवयवांच्या स्थितीचे भान यांचेही संदेश मेंदूकडे जात असतात; त्यांची सांगड नीट बसली नाही, तर मुलाचे वागणे बिघडते, अशी त्यांची मांडणी होती. स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकन निकषांत २०१३ पासून अशा संवेदनांच्या तीव्रतेचा समावेश झाला आहे. मात्र या उपचारांच्या परिणामाचे पुरावे मर्यादित आहेत, असा सावधगिरीचा इशारा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच दिला होता. म्हणून महागड्या झोपाळ्यांना आणि रंगीत चेंडूंना भुलण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा : तीन महिन्यांनी माझे मूल कोणते काम स्वतः करू लागेल? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही आणि जो ‘पूर्ण बरे करू’ असे आश्वासन देतो, त्याच्यापासून दूर राहिलेलेच बरे.

शारीरिक उपचारांचे मोल सर्वाधिक जाणवते ते सेरेब्रल पाल्सीमध्ये. मेंदूला झालेली इजा वाढत नाही. परंतु उपचारांवाचून स्नायू आखडत जातात, सांधे ताठरतात, खुब्याचा सांधा निखळू लागतो. फिजिओथेरपिस्ट हे रोखू पाहतो. तथापि आठवड्यातून दोन तास तो देणार आणि उरलेला सारा वेळ घराचा! ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याला पाय फाकवून कडेवर घ्यावे, असा सल्ला दिला जातो. आपल्या आया-आज्या पिढ्यान्पिढ्या मुलांना तसेच घेत आल्या आहेत. तज्ज्ञाच्या सल्ल्याने कणीक मळणे, फुले ओवणे, झोपाळ्यावर बसणे हेही व्यायामच होतात.

दुर्दैव असे की, हा सारा भार एकट्या आईवर टाकला जातो. तिने नोकरी सोडायची, तिनेच मुलाला घेऊन बसचे धक्के खायचे आणि वर ‘गरोदरपणी काय केलेस?’ हा प्रश्नही तिनेच ऐकायचा. कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठावरून करणे सोपे आहे. तिची परीक्षा मात्र अशा घरात होते. आजोबांनी रोज अर्धा तास व्यायाम घेतला, वडिलांनी आठवड्यातील एक फेरी आपल्याकडे घेतली, शेजाऱ्यांनी वाढदिवसाला त्या मुलालाही आवर्जून बोलावले, तर त्या गौरवाला अर्थ आहे.

शासनाच्या व्यवस्थेतही एक फट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात; दोष आढळलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. परंतु खासगी बालवाडीत जाणारे मध्यमवर्गीय मूल या चाळणीतून सहज निसटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण खरी लढाई सहा वर्षांच्या आतली आहे. तिथे पहिले पाऊल आई-वडिलांनाच उचलावे लागते.

ते पाऊल अडते कशाने? पुष्कळदा पैशाने, त्याहून अधिक लाजेने. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘पूर्वजन्मीचे काही असेल’ ही दोन वाक्ये निदानाला वर्षानुवर्षे रोखून धरतात. जनकाच्या सभेत अष्टावक्राच्या शरीराला हसणाऱ्या पंडितांची कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेत लाज कोणाला वाटायला हवी होती? हसणाऱ्यांना, की अष्टावक्राला?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘बोलेल हळूहळू’ हे शब्द ओठांवर येतील, तेव्हा त्यांना एवढी जोड द्यावी : ‘तोवर एकदा दाखवून तर आणू!’ शंका खोटी ठरली, तर एक सकाळ वाया जाईल. खरी ठरली, तर एक आयुष्य सावरेल.