पुंगळीतली दारू आणि हातावरची धूळ

करोनाच्या साथीत, २०२० साली, अमेरिकेतल्या दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला, त्याच्या पाठोपाठ काडतुसेही. त्याच वर्षी रेमिंग्टन ही तिथली जुनी शस्त्रकंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे युक्रेन युद्ध लांबले. तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढली आणि त्यापासूनच बनणारी बंदुकीची दारू महागली. काडतुसे मिळेनात तेव्हा अनेकांची नजर एका जुन्या छंदाकडे वळली. झाडलेल्या गोळीची पितळी पुंगळी जपून ठेवायची आणि तीत नवा प्राइमर, नवी दारू, नवी गोळी घरीच भरायची. स्वतःच्या वापरापुरते हे करायला तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकायचे असेल तर लागतो.

यातला धोका कळायला आकडे बघावे लागतात. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते साधारण पाच ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा दारूने नळीत जो दाब तयार होतो त्याची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ३५ हजार पौंड आहे. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हजारपट! अशा ठिकाणी ‘अंदाजे’ हा शब्द चालत नाही.

सगळ्यात कुप्रसिद्ध चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, काळ्या दारूच्या हिशोबाने बेतलेले. आजची दारू थोडीच लागते, त्यामुळे पुंगळी अर्धीही भरत नाही आणि दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. फोन वाजला, कुणी हाक मारली, लक्ष हटले की झाले. म्हणून अनुभवी मंडळी गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावतात, टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवतात आणि प्रमाण मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यावरूनच घेतात.

उलटी चूक दिसायला निरुपद्रवी वाटते. दारू पडलीच नाही तर एकट्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. बार ‘फुसका’ गेला म्हणून पुन्हा चाप ओढला की नळी फुटू शकते. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली १९९३ मध्ये चित्रीकरणात गेला, त्याच्या मुळाशी अशीच अडकलेली गोळी होती. खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसे केली होती, एकातला प्राइमर जिवंत राहिला. नंतर झाडलेल्या कोऱ्या काडतुसाने ती गोळी बाहेर फेकली. तो २८ वर्षांचा होता.

स्फोटाची बातमी होते. शिशाची होत नाही, आणि माझ्या मते या छंदातले मोठे आरोग्यसंकट तेच आहे. बहुतेक प्राइमरांत शिशाचे संयुग असते. ते जळाल्यावर उरलेली काजळी पुंगळीत चिकटते. पुंगळ्या चकाकाव्यात म्हणून त्या मक्याच्या कणसाच्या भुश्यात घुसळतात आणि तो भुसा चाळताना शिशाची बारीक धूळ उडते. ती हातावर, कपड्यांवर बसते. हातातून सँडविचवर, कपड्यांतून गालिच्यावर, आणि गालिच्यावर रांगणारे मूल असते. मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखलपातळी अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये डेसिलिटरला पाचवरून साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली. मेंदूला सुरक्षित अशी पातळी कुठलीच सापडलेली नाही. रक्तातले शिसे महिना-दोन महिन्यांत कमी होते, पण हाडांत गेलेले वर्षानुवर्षे राहते. पाण्यात धुतलेल्या पुंगळ्यांची धूळ उडत नाही, एवढा साधा उपाय आहे. टेबलाशी खाणे-सिगारेट बंद आणि कपडे वेगळे धुणे, हे दुसरे दोन.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हाच आहे, त्यामुळे पहिला धोका आपल्याकडे घरोघरी नाही. दुसरा मात्र आहे. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकल्यावर नेमबाजीकडे वळणारी मुले वाढली तर नवल नाही. एअर रायफलचे छर्रेही बहुधा शिशाचेच असतात आणि पॉइंट २२ च्या काडतुसांची काजळी बंदिस्त रेंजमध्ये हवेतच राहते. थकवा, पोटदुखी, वाढलेला रक्तदाब घेऊन असा नेमबाज दवाखान्यात गेला, तर छंद कोणता हे डॉक्टर सहसा विचारत नाहीत. तो आपणहून सांगावा आणि रक्तातले शिसे तपासून घ्यावे.